उपलब्ध आणि सुगम : मराठी सांस्कृतिक वारशाच्या संगणकीकरणाचा एक विचार

प्रस्तावना

गेल्या पंचवीस वर्षांत ग्रंथालये, पुराभिलेखागारे आणि संशोधनसंस्था यांच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य ठरलेले असते : ‘अमुक इतक्या पानांचे संगणकीकरण पूर्ण झाले.’ पानांचा आकडा देणे स्वाभाविकच आहे. अनुदान पानांवर मिळते, कंत्राट पानांवर दिले जाते आणि काम संपले की नाही हेही पानांवरूनच ठरते. परंतु ती पाने पुढे कोणी वाचली, कोणाला वाचता आली आणि कोणाला आली नाहीत, याची नोंद त्या अहवालात सहसा नसते. वारसा जपला गेला एवढ्यावर समाधान मानले जाते.

प्रस्तुत लेखात ‘उपलब्ध’ आणि ‘सुगम’ या दोन शब्दांतील अंतर तपासण्याचा प्रयत्न केला आहे. एखादी वस्तू अस्तित्वात असून मागितल्यास मिळू शकते, तेव्हा ती उपलब्ध असते. सुगम या शब्दाच्या मुळाशी मात्र जाण्याची क्रिया आहे. जिथे सहज जाता येते ते सुगम. तेव्हा सुगमतेचा विचार करताना जाणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. डोळस संशोधक, अंध विद्यार्थी, मोडी न येणारा इतिहासाचा प्राध्यापक आणि निरक्षर ओवीकार बाई यांच्यासाठी एकाच संकेतस्थळाची वाट सारखी सोपी नसते.

या विवेचनासाठी मराठीतील तीन प्रकारची सामग्री निवडली आहे : जुने छापील ग्रंथ, मोडी कागदपत्रे आणि जात्यावरच्या ओव्या. पहिल्या प्रकारात अडसर पानाच्या स्वरूपाचा आहे, दुसऱ्यात लिपीचा, आणि तिसऱ्यात तो वारसा मुळात कोणाचा मानायचा याचा. तिसऱ्या प्रकाराविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण आपल्याकडे या विषयावर जे शिकण्यासारखे घडले आहे त्यातील बरेच तिथे घडले आहे.

पानाचे चित्र आणि पानावरचा मजकूर

२००० नंतरच्या पहिल्या दशकात भारतात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा मोठा उपक्रम उभा राहिला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दहा लक्ष पुस्तकांच्या योजनेशी तो जोडलेला होता आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. त्यात हजारो मराठी ग्रंथांची पाने छायांकित झाली. जिल्हा ग्रंथालयातही न मिळणारी एकोणिसाव्या शतकातील पुस्तके घरबसल्या पाहता येऊ लागली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र ग्रंथाचे नाव देवनागरीत नोंदलेले नसे. रोमन लिपीत, तेही नोंद करणाऱ्याला सुचेल त्या वर्णक्रमाने ते लिहिलेले असे. एकाच ग्रंथकाराचे आडनाव चार प्रकारे लिहिले गेले असेल, तर त्याची चार पुस्तके चार ठिकाणी विखुरणार. ग्रंथ होता, पण सापडत नव्हता. २०१६-१७च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. संग्रहाच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर गेल्याने पाने वाचली, परंतु नोंदींतील गोंधळही त्यांच्याबरोबरच तिकडे गेला.

नोंद सुधारता येते. त्याहून खोलवरची अडचण पानातच आहे. छायांकित पान म्हणजे संगणकाच्या दृष्टीने काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चित्र. त्यात ‘अ’ आहे की शाईचा डाग, हे संगणकाला ठाऊक नसते. अंध वाचक पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली वापरतो. अशा प्रणालींपैकी ‘एनव्हीडीए’ ही ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झाली आणि ती विनामूल्य मिळते. मराठी मजकूरही तिच्या साहाय्याने ऐकता येतो. पण पान चित्ररूप असेल तर वाचण्यासारखे तिच्यापुढे काहीच नसते. पाचशे पानांचा ग्रंथ उघडला तरी ती मूक राहते. डोळस प्राध्यापकाने ‘महाजालावर सगळे आहे, तिथून वाच’ असे सांगून सोडून दिलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव हा असा असतो.

कायद्याने या बाबतीत आपले काम पुष्कळ केले आहे. २०१२च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रत तयार करण्याची मुभा आली. २०१३च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता, आणि तो करार ३० सप्टेंबर २०१६ रोजी अमलात आला. त्याच वर्षी केंद्र शासनाच्या पुढाकाराने ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २९ तर सांस्कृतिक जीवनाविषयीच आहे. म्हणजे हक्काची भिंत पडलेली आहे. चित्राची भिंत उभी आहे.

ही दुसरी भिंत ओलांडण्याचे साधन म्हणजे अक्षर-ओळख प्रणाली. २००५ साली सर्वांसाठी खुली झालेली ‘टेसरॅक्ट’ ही तिचे परिचित उदाहरण. ती देवनागरीही वाचते. आजच्या सुबक छपाईवर अशा प्रणालींचे काम चांगले चालते. जुन्या खिळेछपाईच्या पानांवर मात्र त्या अडखळतात. शिरोरेषा तुटलेली असते, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांतील फरक झिजलेल्या खिळ्यात उरलेला नसतो, जोडाक्षरे उभी रचलेली असतात. अशा वेळी माणसाने बसून मुद्रितशोधन करण्याला पर्याय नाही. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक नेमके हेच काम करतात : डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचे चित्र, आणि ओळ-ओळ पडताळणी. काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे श्रेय फारसे कोणी देत नाही. माझ्या मते संगणकीकरणाच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा याच कामाचा असायला हवा. प्रत्यक्षात तो सर्वांत लहान असतो.

मजकूर शुद्ध झाला तरी मराठीचा स्वतःचा एक प्रश्न उरतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२मध्ये आले आणि १९७२मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘केलें’, ‘घरांत’, ‘त्यांत’ असे अनुच्चारित अनुस्वार जागोजाग आहेत. आजचा विद्यार्थी शोधचौकटीत ‘केले’ असे लिहितो आणि १९२५चा ग्रंथ त्याला उत्तर देत नाही. ग्रंथातील अनुस्वार काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो मूळ पाठाशी द्रोह होईल. पाठ जसाच्या तसा ठेवून शोधासाठी आत वेगळी, नियमित केलेली प्रत ठेवणे हा सरळ मार्ग आहे. कोशकारांना हे पूर्वीपासून माहीत आहे. संगणकीकरणाच्या कंत्राटात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

टंकांची कथा तर सर्वांच्याच अनुभवाची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण सर्वांनी निरनिराळ्या खासगी टंकांत मजकूर जुळवला. त्या टंकांत मराठी अक्षर हे मुळात रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे. टंक संगणकावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. टंक गेला की उरे ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. आमच्याच विभागात त्या काळी मोठ्या हौसेने जुन्या वार्षिकांकांतील निवडक लेख संगणकावर जुळवून तबकडीवर साठवले होते. काही वर्षांनी त्या धारिका उघडल्या तेव्हा एकही ओळ वाचता आली नाही. रूपांतरक वापरून बराचसा मजकूर परत मिळाला, पण जोडाक्षरे जागोजाग बिघडली. मूळ छापील अंक कपाटात नसते तर ते लेख कायमचे गेले असते. अशाच टंकात जुळवून महाजालावर ठेवलेला लेख डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो; वाचन-प्रणाली मात्र तो रोमन अक्षरांचा गोंगाट म्हणून वाचते. डोळस संपादकाला ही चूक कधीच दिसत नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला, तरी काही कोपरे उरलेच. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोधयंत्राला ती वेगळी असतात. संग्रह उभारताना कोणते रूप वापरायचे हे आधी ठरवले नाही, तर एकाच संग्रहातील दोन ‘दुसऱ्या’ एकमेकींना ओळखत नाहीत.

मोडी : दप्तर उघडे, लिपी बंद

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, आणि महाराष्ट्राबाहेर तंजावरचा सरस्वती महाल. मोडी कागदांचे हे प्रमुख साठे. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून प्रसिद्ध केले. एवढे खंड पाहून आपण थक्क होतो, परंतु रुमालांत बांधलेल्या एकूण कागदांच्या मानाने ही निवड अगदी लहान आहे. निवडीचे निकष राजकीय इतिहासाचे होते. लढाया, तह, मसलती त्यांत आल्या. गावोगावचे जमाखर्च, वतनाचे तंटे, स्त्रियांच्या फिर्यादी, बलुत्यांचे हक्क बहुतांशी रुमालातच राहिले. सामान्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला नेमके हेच कागद हवे असतात.

या कागदांची छायाचित्रे काढणे तुलनेने सोपे आहे आणि ते अनेक ठिकाणी होतही आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी मोडी आज बहुसंख्य मराठी वाचकांना येत नाही. घरात आजोबांच्या हातचा कागद असतो, नातवाला तो वाचता येत नाही. आपल्याच भाषेत आपण निरक्षर ठरतो. चित्र कितीही स्वच्छ असले तरी ही निरक्षरता त्याने दूर होत नाही.

२०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. ७९ चिन्हे संकेतबद्ध झाली. ही घटना महत्त्वाची होती, कारण त्यामुळे मोडी मजकूर मोडी म्हणूनच साठवता येऊ लागला. परंतु हस्तलिखित कागदाचे वाचन त्याने साधत नाही. मोडीची घडणच यंत्राला अवघड आहे. लिहिणारा आधी पूर्ण रेघ ओढतो, मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे वळवीत जातो. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद बहुधा पाळलेला नसतो. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे, आणि संक्षेप तर पदोपदी. यंत्राला आधी शब्द कुठे संपतो हेच ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी भाषा समजावी लागते.

अलीकडे या दिशेने आशादायक प्रयत्न सुरू आहेत. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीशी संबंधित संशोधकांनी मोडी पानांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संच तयार करून त्यावर यंत्राला वाचन शिकवण्याची पद्धत मांडली. असे संच उभे राहतात ते मोडी जाणणाऱ्यांच्या जोरावर. यंत्र शिकते ते माणसाने आधी वाचलेल्या पानांवरून. म्हणून मोडी वाचकांचे वर्ग चालवणे आणि यंत्र घडवणे ही परस्परविरोधी कामे नाहीत. पहिले थांबले तर दुसरेही थांबेल.

लिप्यंतर झाल्यावरही कागद सुगम होतोच असे नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. कागदावर वर्ष ‘सलास खमसैन मया व अलफ’ असे दिलेले असते. हे अरबी संख्याशब्द आहेत : तीन, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११५३, अर्थात इसवी सन १७५२-५३. तिथीपूर्वी ‘छ’ असेल तर तो मुसलमानी महिन्यातील चंद्राचा दिवस. लिप्यंतरकाराने हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवले, पण जोडीला इसवी सनाची नोंद केली नाही, तर १७५२ साली शोध घेणाऱ्याला तो कागद कधीच सापडणार नाही. गावाचे आजचे नाव, तालुका, जिल्हा यांचेही तसेच. आपल्या गावाविषयीचा कागद शोधू पाहणाऱ्या शेतकऱ्याला तरफ आणि परगणा ठाऊक असण्याचे कारण नाही. छायाचित्राबरोबर चार ओळींचे जाणते वर्णन दिले, तर पूर्ण लिप्यंतर नसतानाही तो कागद त्याच्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. माझा अनुभव असा की, मोठ्या योजनांत सर्वप्रथम कात्री लागते ती याच चार ओळींना.

जात्यावरच्या ओव्या

छापील ग्रंथ आणि मोडी कागद हा लिहित्या वर्गांचा वारसा. जात्यावर बसून पहाटे गायल्या जाणाऱ्या ओव्या या ज्यांच्या हाती लेखणी कधी आली नाही अशा स्त्रियांची निर्मिती. त्यांचे संग्रह मराठीत पूर्वीपासून आहेत. साने गुरुजींचे काम, सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखालील लोकसाहित्य समितीचे काम सर्वांना माहीत आहे. त्या संग्रहांनी ओवीला प्रतिष्ठा दिली. परंतु छापील संग्रहाच्या रीतीनुसार ओवी तिथे ‘लोकांची’ होते. गाणारी कोण, कोणत्या गावची, हे पुष्कळदा मागे पडते.

पुण्यात १९८० साली स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी वेगळी वाट धरली. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले पॉइतवाँ (ते २००४ साली निवर्तले) आणि राईरकर हे मुळशी-मावळच्या डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनेत काम करीत होते. ओव्यांचे संकलन त्या कामातूनच निघाले, आणि ओव्या उतरवून घेणाऱ्यांत त्याच गावांतल्या कार्यकर्त्या स्त्रिया होत्या. पुढे कामाची व्याप्ती वाढत जाऊन एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून सुमारे १ लाख १० हजार ओव्या लिहून घेतल्या गेल्या. संगीताचा आणि संगणकाचा अभ्यास असलेले फ्रेंच संशोधक बर्नार बेल नव्वदच्या दशकात या कामात आले. शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि ओव्यांचा संगणकीय माहितीसंच तयार झाला. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४ साली सुरू झालेल्या ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने २०१७पासून त्यातील ओव्या ध्वनी, मराठी पाठ आणि इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

या माहितीसंचाचे स्वरूप लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. छापील संग्रहात ओवी एकाच प्रकरणात बसते : माहेरची, सासरची, भावाची किंवा पंढरीची. माहितीसंचात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका, विषयाचे शीर्षक आणि ध्वनिमुद्रण असल्यास त्याची नोंद असते. त्यामुळे एकाच सामग्रीत अनेक दारांनी शिरता येते. एखाद्या बाईने सांगितलेल्या सगळ्या ओव्या एकत्र वाचल्या की एका व्यक्तीचे मन दिसते. एखाद्या गावाच्या सगळ्या ओव्या वाचल्या की त्या गावाची आठवण दिसते. आणि एक विषय घेऊन अनेक तालुक्यांतून फिरले की एकाच कल्पनेची रूपांतरे दिसतात. छापील ग्रंथाच्या संपादकाला यांपैकी एक क्रम निवडावा लागतो आणि बाकीचे सोडावे लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांचे आहे. दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांविषयी रचलेल्या या ओव्या. चाल जात्याची, घाट ओवीचा, पण आशय विसाव्या शतकातील मुक्तिलढ्याचा. सणवार आणि नातीगोती यांभोवती बेतलेल्या रूढ वर्गीकरणात अशा ओव्यांना सहज जागा सापडत नाही. ओवी म्हणजे प्राचीन, निनावी, अपरिवर्तनीय अशी आपली जी समजूत असते, तिला या ओव्या छेद देतात. ओवी रचणाऱ्या बाईला वर्तमान होते आणि त्याविषयी तिला मत होते. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द धोरणपत्रांत फार सैल झाला आहे. संग्रहाची रचना ठरवताना कोणत्या ओवीसाठी रकानाच नाही, हे तपासणे हा त्याचा एक नेमका अर्थ आहे.

लेखनाचा प्रश्न इथे पुन्हा येतो, आणि अधिक तीव्रपणे. गाणारी ‘पानी’ म्हणते, ‘कोन’ म्हणते, ‘व्हतं’ म्हणते. लिहून घेणाऱ्याने ते ‘पाणी’, ‘कोण’, ‘होतं’ असे ‘सुधारले’, तर तिची भाषा गेली; आणि बहुधा वृत्ताची ओढही गेली. जसे म्हटले तसे लिहिले, तर ‘पाणी’ शोधणाऱ्याला ती ओवी सापडत नाही. इथेही दुहेरी नोंद हाच मार्ग आहे : उच्चाराप्रमाणे पाठ, आणि शोधापुरती प्रमाण रूपे. भाषाशास्त्र शिकवणाऱ्यांना हा माहितीसंच यासाठीही मोलाचा आहे की त्यात गावागणिक बोलीचे नमुने आपोआप जमा झाले आहेत.

आणि मग ध्वनी. छापलेली ओवी ही ओवीची संहिता असते. जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबणारा स्वर, ओळीच्या मध्येच येणारी ‘बाई’ची साद, दुसरीने उचललेली पुढची ओळ, यांतले कागदावर काहीच उतरत नाही. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्यावर जात्यावर बसण्याची सवय मोडली, आणि ओव्या स्मरणात राहिल्या तरी त्यांचा प्रसंग गेला. म्हणून ध्वनिमुद्रणाचे मोल केवळ शोभेचे नाही. शिवाय त्यातून एक अनपेक्षित गोष्ट साधते. ज्या स्त्रियांनी ओव्या दिल्या त्यांतील अनेकींना लिहितावाचता येत नव्हते; त्यांच्या दृष्टीने लाखभर ओव्यांचा छापील पाठ असला काय आणि नसला काय, सारखेच. ध्वनी मात्र त्यांना ऐकता येतो, नातीच्या मोबाइलवर का होईना. अंध विद्यार्थ्याची गरज आणि निरक्षर ओवीकार बाईची गरज इथे एकच होते. कर्णबधिर वाचकाला मात्र पाठच हवा. पाठ आणि ध्वनी शेजारी-शेजारी ठेवण्याची पद्धत म्हणूनच मोलाची आहे; त्यांतील एक वगळला की कोणी ना कोणी बाहेर राहतो.

या कामात एक अवघड जागाही आहे. कॅसेटच्या काळात एखाद्या बाईने ओवी सांगितली तेव्हा ती जगभर ऐकली जाईल अशी कल्पना कोणालाही नव्हती. ओव्यांत सासूचा जाच येतो, नवऱ्याचे व्यसन येते, भावजयीचा आकस येतो; आणि शेजारी नाव, गाव, छायाचित्र असते. ओवीतील ‘मी’ ही नेहमी गाणारीच असते असे नाही, पण शेजारपाजार तसेच समजतो. नाव गाळावे, तर पुन्हा ती ‘लोकां’त विरघळून जाते. द्यावे, तर तिच्या घरच्यांना त्रास होण्याचा संभव. ‘पीपल्स अर्काइव्ह’च्या चमूने पुन्हा गावी जाऊन हयात असलेल्या ओवीकारांची भेट घेण्याचा परिपाठ ठेवला, तो मला यासाठीही योग्य वाटतो. नाव देणे हा नियम असावा आणि विचारून मगच देणे ही त्याची अट असावी. ज्या विचारण्यापलीकडे गेल्या त्यांच्याबाबत कुटुंबाला विचारावे. हे काम सावकाशच होणार आणि ते यंत्रावर सोपवता येणार नाही.

महाविद्यालयांपुरते

मोठ्या संस्थांचे निर्णय आपल्या हाती नाहीत. परंतु जवळजवळ प्रत्येक जुन्या महाविद्यालयाकडे वार्षिकांकांचे संच असतात, एखाद्या देणगीदाराने दिलेल्या पोथ्या किंवा मोडी रुमाल असतात, आणि मराठी विभागात कधीकाळी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या ओव्या, म्हणी, कहाण्या यांच्या वह्या असतात. मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की यांचे घाईने छायांकन होते आणि अहवालात पानांचा आकडा जातो. तो आकडा जाऊ द्यावा. त्याच्याबरोबर थोडे अधिक करता येईल.

वार्षिकांकांच्या बाबतीत अनुक्रमणिकेपासून आरंभ करणे सोयीचे. पन्नास अंकांच्या अनुक्रमणिका युनिकोडमध्ये, मूळ लेखनाप्रमाणे आणि आजच्या लेखनाप्रमाणे अशा दुहेरी नोंदींसह टंकित करणे हे एका सत्रात चार विद्यार्थ्यांना जमण्यासारखे काम आहे, आणि तेवढ्यानेही संच शोधण्यायोग्य होतो. पूर्ण पाठाचे काम त्यानंतर, मागणी येईल तसे करावे. तयार झालेले पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते वाचन-प्रणालीवर ऐकून पाहावे. महाविद्यालयात अंध विद्यार्थी असेल तर त्याला या कामात मानधन देऊन सहभागी करून घ्यावे. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका तोच प्रथम पकडतो. मोडी कागद असतील तर छायाचित्राबरोबरच्या त्या चार ओळींसाठी जाणकाराला बोलवावे. सगळे लिप्यंतर होईपर्यंत थांबू नये.

विद्यार्थ्यांच्या वह्यांविषयी अधिक जपून राहिले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा प्रकल्पासाठी जमवलेल्या ओव्यांच्या वहीत पुष्कळदा विद्यार्थ्याचे नाव, हजेरीक्रमांक आणि मिळालेले गुण असतात. ज्या आजीने ओव्या सांगितल्या तिचे नाव नसते. त्या विद्यार्थ्यांपैकी जे आजही संपर्कात असतील त्यांना विचारून ती नावे मिळतील तेवढी मिळवावीत, हे कोणत्याही यंत्रखरेदीच्या आधी करावे, कारण सांगणाऱ्यांचे आणि आठवणाऱ्यांचे वय वाढत आहे. नव्याने ध्वनिमुद्रण करताना संमती तोंडी घेतली तरी चालेल, पण तीही ध्वनिमुद्रित करून ओवीबरोबरच साठवावी. आणि मुद्रणाची एक प्रत, साध्या मोबाइलवर चालेल अशा लहान आकाराची, त्या घरी आणि गावच्या शाळेत नेऊन द्यावी.